वाचायचं नाही, बघायचं

एसटी जामखेडच्या स्टँडमधून बाहेर पडून नगर रोडला लागली तेव्हा आबा शिडीवर होते. मी खिडकीशी बसलो होतो, बॅग मांडीवर. आमच्या दुकानासमोर गाडी जरा हळू झाली, कारण पुढं उसाचा ट्रॅक्टर होता. आबांची पाठ माझ्याकडे होती. एका हातात इनॅमलचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. गाडी कुठली, आत कोण बसलंय, हे आबांना पक्कं माहीत होतं. ते वळले नाहीत. ब्रश पत्र्यावरून तसाच सावकाश सरकत राहिला, आणि मी ते अक्षर पुरं होईपर्यंत बघत राहिलो. नंतर ट्रॅक्टर बाजूला झाला.

स्टँडवर सोडायला आई एकटीच आली होती. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि म्हणाली, "तिथं तरी कुनाशी भांडू नको, गौतम." मी म्हणालो, "इथं तरी मी कुठं भांडलो? मी फक्त विचारलं." ती म्हणाली, "तुझं इचारनंच तसलं असतंय."

मी काय विचारलं होतं ते सांगतो. आदल्याच आठवड्यात मी रंग आणायला नगरला गेलो होतो. डीलरशी दोन तास डोकं लावून माल उचलला, दमून परत आलो, तर दुकानावर नवा बोर्ड चढत होता. आबांच्या सखाराम या नावावरून ठेवलेलं 'सखा आर्ट्स' पुसलं होतं. त्या जागी 'मिलिंद आर्ट्स'. मिलिंद माझा थोरला भाऊ. त्याचा हात चांगला, हे मी कधीच नाकारलं नाही. पण दहा वर्षं गिऱ्हाईक कोण आणत होतं? कापडवाले, खतवाले, ग्रामपंचायत, सरपंचाच्या घराची पाटी, ही सगळी कामं माझ्या बोलण्यावर आली होती. मी शिडीखाली उभा राहून विचारलं, "आबा, माझं नाव?" ते वरूनच बोलले, "तुझा हात घाईचा हाय. तू अक्षराला भाव लावतो, वळन न्हाई लावत."

मी शिडीला लाथ मारली. आबा पडले नाहीत, डबा सांडला. पांढरा रंग पायरीवर बरेच महिने होता म्हणतात. हे लिहिताना मला लाज वाटते, पण राग गेला असं मात्र कुणी समजू नये.

आबांनी आम्हा दोघांना एकाच पद्धतीनं शिकवलं होतं. सूत खडूत बुडवायचं, पत्र्यावर ताणून मारायचं, रेघ उमटली की तिच्याखाली अक्षर सोडायचं. आणि सोडताना ते वाचायचं नाही. "वाचायला लागला की डोळा पुढं पळतो अन् हात मागं ऱ्हातो," आबा म्हणायचे. "वाचायचं न्हाई, बघायचं. क म्हंजी क न्हाई. क म्हंजी एक दांडी, एक पोट, एक शेपूट." बोर्ड झाला की ते स्वतः कधी वाचत नसत. गिऱ्हाईकाला समोर उभं करायचे आणि म्हणायचे, "मोठ्यानं वाचा." गिऱ्हाईकानं वाचलं, मान हलवली, की मगच पत्रा उतरायचा. चूक राहिली तर ती वाचणाऱ्याची. आमच्या धंद्यातली ही रीत आहे, आणि ती चांगली आहे असं मी परवापरवापर्यंत समजत होतो.

माझा आजा आंगठा लावायचा. ज्या गावात त्याला कुणी पाटीवर अक्षर गिरवू दिलं नव्हतं, त्याच गावाच्या शाळेची पाटी पुढं आबांनी रंगवली. आबा ही गोष्ट कधी मोठ्यानं सांगत नसत. पण दर पंधरा ऑगस्टच्या आधी शाळेच्या पाटीला ते फुकट रंग द्यायचे, तेव्हा घरातून पांढरा सदरा घालून निघायचे. रंगकाम करायला पांढरा सदरा घालून जाणारा पेंटर मी दुसरा पाहिला नाही.

शारजाला मी आधी एका साइनबोर्डच्या वर्कशॉपात लागलो, नंतर एका मल्याळी भागीदाराबरोबर स्वतःचं काढलं. आता रंग नाही, ब्रश नाही. ॲक्रिलिकची शीट, राउटर मशीनवर कापलेली अक्षरं, आत एलईडी. पण पहिल्या महिन्यातच मला कळलं की आबांची विद्या इथं सोन्यासारखी आहे. इथं कुणालाच सगळं वाचता येत नाही. अरबी पाहिजेच पाहिजे, खाली इंग्लिश, आणि गिऱ्हाईक जिथलं असेल तिथली तिसरी लिपी. बाकीचे कामगार परकं अक्षर बघितलं की बुजायचे. मी बुजलो नाही. मला कुठं वाचायचं होतं?

माणसाची जात कळायला वेळ लागतो, लिपीची लगेच कळते. आपली अक्षरं वरच्या रेघेला लटकतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. इंग्लिश खालच्या रेघेवर उभी राहतात. अरबी एकमेकांचा हात धरून उजवीकडून चालत येतात. एकदा कंप्युटरनं त्यांचे हात सोडवले, प्रत्येक अक्षर सुटं छापलं, आणि मला काय कळणार? चढवला बोर्ड. तपासणीला आलेला माणूस बोर्डाकडे असा बघत होता, जणू मी मेलेल्या कोंबड्या टांगल्यात. मल्याळम गोल, सिंहली त्याहून गोल. ताडाच्या पानावर सरळ रेघ मारली की पान फाटायचं म्हणून, असं भागीदार सांगतो. बंगालीला आपल्यासारखीच वरची रेघ, पण मधेच तुटलेली. इथिओपियाच्या हॉटेलवाल्याची अक्षरं बघितली तर वाटतं छोटी माणसं कवायत करताहेत, एकानं हात वर केलाय, दुसऱ्यानं पाय वाकडा. आणि बोर्ड झाला की मी गिऱ्हाईकाला समोर उभं करतो आणि म्हणतो, "मोठ्यानं वाच." सगळे हसतात. सगळे वाचतात.

घासाघीस मी सात भाषांत करतो. एक शब्द नीट बोलता येत नाही, तरी समोरचा दमतो. आबा ज्याला घाई म्हणायचे त्याच्यावर आज माझ्याकडे नऊ माणसं काम करतात. हे त्यांनी यावं आणि बघावं, एवढीच माझी इच्छा होती. तेही बघितलं नाही त्यांनी. पासपोर्ट काढा म्हणून आईकडून निरोप दिला तर म्हणाले, "मला काय करायचाय."

एके दिवशी एक श्रीलंकेचा फोरमन बॅनर करायला आला. त्यांच्या वैशाख पौर्णिमेचं काही होतं. कागदावर गोलगोल सिंहली, जिलब्या नुसत्या. मी नेहमीप्रमाणे कापून, लावून, त्याला समोर उभं केलं. त्यानं हात जोडले आणि वाचलं. माझ्या हातातली टेप खाली पडली. ते त्रिसरण होतं. आमच्या विहारात रोज सकाळी आबांच्या मागं बसून मी म्हणायचो तेच, तोच सूर, तोच शेवटचा लांबवलेला शब्द. आबांनी विहाराच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं मी पाचशे वेळा बघितलं होतं. आता तेच शब्द माझ्या समोर होते आणि मला त्यातलं एक अक्षर ओळखता येत नव्हतं. फोरमन म्हणाला, या पाली भाषेला स्वतःची लिपी नाही, जिथं गेली तिथली उचलली. थायलंडमध्ये वेगळी, ब्रह्मदेशात वेगळी.

तो गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि घरी पत्र लिहायला बसलो. फोनवर आबा माझ्याशी बोलायचे नाहीत, "आईला देतो" म्हणायचे. पण लिहिलेला कागद ते टाकत नाहीत, हे मला माहीत होतं. मनात गोड होतं. भिंतीवरचं निळं अक्षर, सकाळचा गारवा, ते सगळं लिहिणार होतो. पण पेन कागदावर टेकलं आणि बोर्ड आठवला. चार पानं झाली. काय लिहिलं ते नंतर सांगतो, कारण ते मला नंतर सांगावंच लागलं. कुरिअरनं पाठवलं. पोचल्याचा मेसेज आला, त्याला आबांची सही जोडलेली होती. तीच सही, शेवटची मात्रा झेंड्यासारखी फडकवलेली.

उत्तर आलं नाही. एक महिना, दोन, सहा. मी ते मनाला लावून घेतलं. म्हटलं ठीक आहे, सहीला हात उचलतो, उत्तराला उचलत नाही. आपण कुणाला शिव्या देऊन आलो तर निदान तो शिवी परत देतो. हे काय?

आईचे फोन मात्र यायचे. आईला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे ती सगळं बोलून टाकते. तिच्या फोनची सुरुवात नेहमी चौकातल्या फळ्यापासून. आमच्या वस्तीच्या चौकात एक काळा फळा आहे, त्यावर कुणी वारलं की खडूनं नाव, आणि अंत्यविधी कधी ते लिहितात. आता बाकी सगळ्याला फ्लेक्स लागतात, पण आमच्या वस्तीत आधी फळा, मग फ्लेक्स. तो आबांनी लिहायचा, हे चाळीसेक वर्षांपासून ठरलेलं. "काल धोंडाबाईचा फळा लिवला आबांनी." "आज पुन्हा फळा." ती अशा सुरात सांगायची की मला इकडे नावं मोजावीशी वाटायची.

त्या फळ्याची एक रीत आहे. आपल्या घरातल्या माणसाचं नाव आपल्या हातानं त्यावर लिहायचं नाही. आजा गेला तेव्हा मी लहान होतो. आबा खडूची डबी घेऊन शिंप्याकडे गेले आणि त्याच्या हातात दिली. शिंप्यानं काय लिहिलं, कोंबडा नाचून गेल्यासारखं. आबा दिवसभर येता-जाता त्या फळ्यापाशी थांबत होते. एकदा त्यांची बोटं वर गेलेली मी बघितली. पण पुसलं नाही, सुधारलं नाही. "घरचा हात लागला तर गेलेला मानूस घरातच घोटाळतो," एवढंच मला सांगितलं. आमच्या विहारातले शिकलेले लोक या समजुतीला हसतात. आबाही इतर कुठल्या समजुतीला मानत नाहीत. ही एक मानतात.

मग आईच्या फोनमध्ये दुसऱ्या गोष्टी यायला लागल्या. "आबांनी तांब्या सांडला." "चौकटीला खांदा लागला, काळानिळा झालाय." "परवा गाडीखाली येता येता वाचले, म्हनत्यात दिसलीच न्हाई." मी विचारलं, कुठल्या बाजूनं गाडी आली? "उजवीकडनं." तांब्या कुठं होता? "उजवीकडंच की. अन् दिसभर पेपर घेऊन बसत्यात, पान काय उलटत न्हाईत." मी म्हणालो, चष्म्याचा नंबर बदलला असेल. मिलिंदला फोन केला. आम्ही दोघं कामापुरतं बोलतो. तो म्हणाला, "तुला काय तिथं बसून. अरे, परवाच दोन बोर्ड लिवले त्यांनी, तासाभरात. डोळे माझ्यापेक्षा चांगलेत." तेही खरं होतं. आईनं त्या बोर्डांचे फोटो पाठवले. एकही वळण चुकलेलं नव्हतं. मी निर्धास्त झालो, आणि मनात म्हटलं, बोर्ड लिहायला वेळ आहे, मला उत्तर लिहायला नाही.

दिवाळीनंतर मी गेलो. खोटं कशाला बोलू, मी भांडायला गेलो होतो. उत्तर घेऊनच यायचं असं ठरवून.

आबा दुकानाच्या पायरीवर बसले होते. बारीक झाले होते. मला बघून म्हणाले, "आलास व्हय. जाड झालास." मी शेजारी बसलो. कसं सुरू करावं म्हणून मोबाईल काढला आणि कामाचे फोटो दाखवायला लागलो. पहिला इथिओपियाच्या हॉटेलचा. आबांनी मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, अंगठा अक्षराच्या कडेनं फिरवला. "ह्या पोटाचं वळन लई बेस हाय." मला बरं वाटलं. दुसरा फोटो माझ्या स्वतःच्या दुकानाच्या पाटीचा होता. अरबी, इंग्लिश, आणि खाली मी हट्टानं मराठीत लावून घेतलेलं: 'सखाराम साइन्स'. पंधरा वर्षं झाली, ही गोष्ट मी घरी कुणाला सांगितली नव्हती. या क्षणाची मी वाट बघत होतो.

आबांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. अंगठा अक्षराच्या कडेनं फिरवला. "ह्याची दांडी जरा जाड झाली," म्हणाले, आणि मोबाईल परत दिला.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आधी रागच आला. मग मी पुन्हा बघितलं. ती नजर मला माहीत होती. ती माझीच नजर होती. इथिओपियाच्या अक्षरांकडे मी जसा बघतो, छोटी माणसं, हात, पाय, पोट, तसं आबा मराठीकडे बघत होते. स्वतःच्या नावाकडे.

मी समोरच्या खताच्या दुकानाकडे बोट केलं. "आबा, ते काय लिहिलंय?" ते म्हणाले, "मीच लिवलंय की त्ये." "हो, पण काय लिहिलंय?" आबांनी बराच वेळ तिकडे बघितलं. मग खाली बघितलं. "ऊन लई हाय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना नगरला डॉक्टरकडे नेलं. मिलिंद बरोबर येतो म्हणाला आणि आला. डॉक्टरांनी कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "काका, लिहा, आज मी मुलांबरोबर नगरला आलो." आबांनी लिहिलं. काय अक्षर! डॉक्टर बघतच राहिल्या. मग त्यांनी आबांशी पाच मिनिटं पावसाच्या, ज्वारीच्या गप्पा मारल्या आणि तोच कागद पुढं केला. "वाचा बरं." आबांनी कागद असा घेतला, जणू एखाद्या परक्याचा आहे. "कुनाचं हाय हे?" त्यांनी विचारलं. "हात चांगलाय."

मिलिंद उठून बाहेर गेला.

स्कॅनमध्ये दिसलं ते डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूच्या मागच्या डाव्या भागात रक्त पोचलं नव्हतं, कधीतरी, वर्षभरापूर्वी. लिहिण्याची वाट शाबूत, वाचण्याची तुटली. उजवीकडचंही दिसत नाही. "इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" त्या म्हणाल्या. मिलिंद परत येऊन दाराशी उभा होता. लिहिताना ते कधी वाचत नव्हतेच. लिहून झाल्यावरही वाचत नव्हते. गिऱ्हाईक तोंडानं सांगायचं, आबा लिहायचे, गिऱ्हाईक मोठ्यानं वाचायचं, पत्रा उतरायचा. इतर कुठल्या धंद्यातल्या माणसाचा हा आजार आठवड्यात उघडा पडला असता. त्यांनी आम्हाला शिकवलेल्या रीतीनंच तो वर्षभर झाकला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बाहेर येऊन आम्हाला हळूच सांगितलं, "हा इशारा होता. पुढचा झटका सांगून येणार नाही, आणि तो एवढ्यावर थांबेल असं नाही."

घरी आल्यावर दुपारी आबांनी ब्रशांची पेटी उघडली. तळातून माझं पाकीट काढलं. फोडलेलं होतं. "हे तुझं," म्हणाले. "मिलिंदकडं कसं देऊ? तुझं माझं हाय. तुझ्या आईला येत न्हाई. वाच."

आई स्वयंपाकघरात भांडी लावत होती.

मी चार पानं हातात धरली आणि धंदा करणारा माणूस करतो तेच केलं. "आबा, मी इथे खुशाल आहे," मी वाचलं. "तुमची तब्येत कशी आहे? विहाराची भिंत फार आठवते." तोंडाला येईल ते गोड बोलत गेलो. आबांनी ऐकून घेतलं. मग माझ्या हातातून शेवटचं पान घेतलं, उलटं केलं आणि मागच्या बाजूनं अंगठा फिरवला.

"चार पानं," ते म्हणाले. "खुशाली चार पानांची नसती. अन् हे बघ, अक्षरं मागनं कशी उठल्यात. कागुद फाटायचाच ऱ्हायलाय. गिऱ्हाईकाला बनव गौतम, मला नको बनवू. खरं वाच."

मग मी खरं वाचलं. तुम्ही आंधळे आहात, एका मुलाचा हात दिसतो, दुसऱ्याची जीभ दिसत नाही. मी नसतो तर तुम्हा दोघांचे ब्रश वाळून गेले असते. बोर्डावर माझं नाव नाही, मग मीही तुमच्या घरातला नाही, असं समजा. आणि शेवटची ओळ: तुमच्या मयताला येणार नाही. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज केव्हाच थांबला होता. माझाच आवाज मला परक्याचा वाटत होता, पण मी थांबलो नाही, कारण एकदा थांबलो असतो तर पुढं वाचता आलं नसतं.

"झालं?" आबांनी विचारलं.

"झालं."

"म्हंजी तू घरातला न्हाईस."

मी पानं खाली ठेवली.

"बरं झालं," आबा म्हणाले. "माझी एक अडचन सुटली. मिलिंदला फळ्याला हात लावता येत न्हाई. बाकी वस्तीत खडू धरनारं कुनी ऱ्हायलं न्हाई, समदे कंप्युटरवाले. कुनीतरी माझ्या नावाची गिचमिड करील, ह्येच डोक्यात हुतं. तू घरातला न्हाईस तर तुला चालतंय. माझा फळा तू लिव."

आई दारात येऊन उभी होती. "काय बोलताय तुमी!" ती म्हणाली. आबांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"तुला सौदा लागतो ना? घे सौदा. तुला बोर्डावर नाव पायजे हुतं. हितं नाव माझं, पन अक्षर तुझं. समदा गाव बघंल. घाई करू नको म्हंजी झालं."

मी उभ्या आयुष्यात पुष्कळ सौदे केले. समोरचा कुठं दुबळा आहे ते मला आधी दिसतं. आबांनी माझं दुखणं बरोबर हेरलं होतं. एवढी वर्षं मी जे मागत होतो तेच त्यांनी पुढं ठेवलं होतं, त्यांच्या तोंडून, सगळ्या गावासमोर, माझा हात. फक्त हो म्हणायचं होतं. येऊन लिहायचं होतं. आणि त्यासाठी 'घरातला नाही' ही माझीच ओळ खरी करायची होती.

"मी नाही लिहिणार," मी म्हणालो.

"का? सावकाशी जमत न्हाई व्हय?"

"नाही लिहिणार म्हणजे नाही लिहिणार."

"का न्हाई, त्ये बोल ना."

माझा आवाज चढला. आई म्हणते शेजारच्या घरात गेला. "घरच्यानं लिहायचं नसतं, म्हणून! दुसरा बघा कुणी!"

आबांनी मान हलवली, गिऱ्हाईकानं बरोबर वाचल्यावर हलवायचे तशी. चारी पानं गोळा केली आणि आईच्या हातात दिली. "बंबात घाल. पानी तापंल." बोर्डाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. दुकानावर अजून 'मिलिंद आर्ट्स'च आहे, आणि मला ते अजून खुपतं.

इकडे येऊन आता चार महिने होत आले. जे माझ्यासारखे गेले त्यांना ठाऊक असेल, परदेशात माणूस एका विशिष्ट वेळी येणाऱ्या फोनला भितो. आमच्या पहाटे तिकडे सकाळ झालेली असते. मिलिंद आता रोज फोन करतो, मी सांगितलं नसताना. काल म्हणाला, आबांच्या उजव्या हातातून खडू दोनदा गळला. परवा कुणाचा तरी फळा लिहिताना अर्ध्यात थांबले आणि उरलेलं नाव तोंडानं सांगायला लागले. लोकांना वाटलं, उन्हानं. मी म्हणालो, आजच डॉक्टरकडे ने. तो म्हणाला, नेतोय. पलीकडून आबांचा आवाज आला, "त्याला म्हनावं, काम बघ."

जे मागं राहिले त्यांच्यासाठी एवढंच लिहितो. माझ्या वर्कशॉपात आज पाच लिप्यांतली नावं कापून पडली आहेत. एकही मला वाचता येत नाही, सगळी मी बिनधास्त चढवतो. घर कुठं आहे असं इथं कुणी विचारलं तर पूर्वी मी तालुका सांगायचो, जिल्हा सांगायचो, मग जिल्ह्याचं नवं नाव सांगावं की जुनं यावर थांबायचो. आता मनात दुसरंच येतं. एक दिवस चौकात कुणीतरी खडू उचलेल. वाकडंतिकडं लिहील, दांडी मोडेल, वळण चुकवेल. मी पोचलेलो असेन, समोर उभा असेन, खिशात हात घालून. आणि मला ते दुरुस्त करायचा अधिकार नसेल.